अर्धा खांब

१

रत्नागिरीत मे महिन्यात आंबे चोरीला जातात, नारळ जातात, आणि एकदा तर आमच्या आळीतल्या विहिरीचा रहाट गेला होता. पण राहत्या घराचा खांब चोरीला गेल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

फोनवर आनंदीबाई शेवडे होत्या. "भाऊजी, जरा येता का? दाराजवळचा खांब कोणीतरी कापून नेलाय."

"खांब? आणि घर?"

"घर उभं आहे. म्हणून तर तुम्हांला बोलावत्ये."

मी सोहनी. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म काढला. निवृत्त झाल्यापासून कुणाच्या भिंतीला तडा गेला, कुणाची गच्ची गळायला लागली, की लोक मला बोलावतात. मी फुकट असतो आणि चहा प्यायल्यावर खरं बोलतो. माझं खरं बोलणं कुणाला आवडत नाही हा भाग वेगळा.

शेवड्यांचं घर पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे. साऱ्या गावाची घरं जांभ्या चिऱ्याची आणि हे एकटं विटांचं, म्हणून त्याला सगळे विटांचा बंगला म्हणतात. क्रॉली नावाच्या एका बोटकंपनीच्या एजंटानं तो पहिल्या महायुद्धाच्या आधी बांधला. विटा मचव्यांतून आल्या. विलायतेत ट्यूडर राजांच्या काळी जशी घरं असत तसं त्याला हवं होतं. खाली लाल विटा, वर पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या लाकडांच्या उभ्या, आडव्या, तिरक्या पट्ट्या, उभ्या चढाचं त्रिकोणी छप्पर, शिशाच्या चौकटीत बसवलेल्या शंकरपाळ्यांएवढ्या काचांच्या खिडक्या, आणि छपराच्याही वर गेलेलं विटांचं धुराडं. ज्या गावात डिसेंबरातही लोक उघडे झोपतात तिथं या गृहस्थानं दिवाणखान्यात शेकोटीची एवढी मोठी जागा बांधली की आत आडवा माणूस मावावा. गाव तिला साहेबाची चूल म्हणतं. हा सगळा थाट त्यानं बायकोसाठी केला, तिला इथं परकं वाटू नये म्हणून. बायको कधी आलीच नाही. साहेब कंटाळून परत गेला आणि पुढे श्यामराव शेवड्यांच्या वडिलांनी तो बंगला घेतला.

मी गेलो तेव्हा आनंदीबाई पायरीवर उभ्या होत्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या, बारीक अंगाच्या, नेहमी ताठ चालणाऱ्या. त्यांनी दाराच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं.

तिथं जोत्यापासून वळचणीपर्यंत सागाचा एक उभा काळा खांब होता. आता त्याचा फक्त वरचा भाग भिंतीला चिकटून राहिला होता. खालचा, पुरुषभर उंचीचा तुकडा गायब होता, आणि त्याच्या जागी विटांची एक उभी पट्टी उघडी पडली होती. बाकीच्या विटा उन्हापावसानं काळवंडलेल्या, ही पट्टी मात्र काल भाजून आणल्यासारखी लालभडक.

मी चष्मा वर करून कापाच्या जागी पाहिलं. काप गुळगुळीत होता, कुठं ढलपी निघालेली नव्हती. आणि कापाच्या काठाकाठानं, काळ्या तेलकट लाकडावर, खडूची एक बारीक सरळ रेघ होती.

चोर माणूस रेघ मारून कापत नाही. त्याला तेवढी फुरसतही नसते आणि हौसही.

२

"बघितलंत? मी सांगत होतो!" मागून आवाज आला.

हा यज्ञेश, श्यामरावांचा पुतण्या. मुंबईत बांधकामाच्या धंद्यात आहे. महिन्यापूर्वी तो येऊन गेला तो हाताखाली गुंडाळलेला नकाशा घेऊनच, आणि काल पुन्हा आला. बंगला पाडायचा आणि तिथं चार मजली इमारत उठवायची. तिचं नाव शेवडे हाइट्स. काका-काकूंना तळमजल्यावर फ्लॅट, समुद्र दिसेल असा.

"भूजच्या भूकंपात काय झालं ते टीव्हीवर बघितलंत ना, काका? आता तर खांबच गेला. हे घर कधी अंगावर येईल सांगता यायचं नाही. मी कालपासून लॉजवर झोपतोय."

"आणि हे दोघं?"

"वरच झोपतात. बरोबर या खांबाच्या वरच्या खोलीत. काकू तर दाराला कडीसुद्धा लावू देत नाही. मग चोरी होणार नाही तर काय होणार?" त्यानं आवाज खाली आणला. "गंगाराम सुतारानं केलंय हे. करवत त्याच्याकडे, बंगल्यातली ये-जा त्याची. मी उद्या पोलिसांत तक्रार देतोय."

मी आत गेलो. दिवाणखान्यात आरामखुर्चीवर श्यामराव बसले होते. हायस्कुलातले जुने ड्रॉइंगमास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी वर्तुळ काढायला शिकवलं. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि मे महिन्याच्या त्या उकाड्यात अंगावर शाल होती, गळ्यापासून गुडघ्यांपर्यंत.

"लांबूनच बोला, सोहनी. डोळे आलेत," ते म्हणाले.

"खांब गेला तेव्हा तुम्ही घरातच होतात?"

"वर झोपलो होतो."

"काही ऐकू आलं नाही? जुना साग कापायचा म्हणजे बराच वेळ करवत चालली असणार."

"नाही," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मास्तर एवढं तुटक कधी बोलत नसत. डोळे आल्यावर माणूस चिडतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

आनंदीबाईंनी कोकमाचं सरबत आणलं आणि मला माजघरात बसवलं. "मी आठवडाभर गुहागरला होत्ये, भाचीच्या लग्नाला. कालच आल्ये. हे आले नाहीत. हल्ली लग्नाकार्याला येतच नाहीत. कुणीतरी अपूर्वचं विचारतं आणि मग ह्यांना घास जात नाही."

अपूर्व हा त्यांचा एकुलता मुलगा. तो मालवाहू बोटीवर अधिकारी होता. एकदा बोट परदेशातल्या बंदराला लागली तेव्हा अपूर्व बोटीवर नव्हता. त्याला शेवटचं कुणी कधी पाहिलं, यावर बोटीवरच्या दोघांचं एकमत झालं नाही. कंपनीनं तो समुद्रात पडला असं कळवलं. आनंदीबाईंनी ते मानलं नाही. तो अलीकडच्या बंदरात उतरला असेल, आजारी पडला असेल, येईल, असं त्या म्हणत आल्या. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पुढच्या दाराची आतली कडी तेव्हापासून लागलेली नाही. तो रात्री-बेरात्री आला तर त्याला दार ठोठावावं लागू नये.

"गंगारामाला उगीच पोलीस नेतील," त्या म्हणाल्या. "त्याच्या आत तुम्ही काय ते शोधा. घरात तरी काय, सगळं इकडचं तिकडे झालंय. आंब्यांची अढी दर वर्षी मी साहेबाच्या चुलीत घालत्ये, जागा थंड असते. या वर्षीही घालून गेल्ये होत्ये. परत येऊन बघत्ये तर अढी जिन्याखाली. हे म्हणतात, मुंग्या झाल्या."

मी मान हलवली. आंब्यांचं बोलणं निघालं की रत्नागिरीतल्या माणसाची मान आपोआप हलते, कान मात्र उघडे राहतातच असं नाही.

"वहिनी, बंगल्याला पन्नास लाकडं आहेत. त्यातलं एक गेलं. गंगाराम नवं बसवील. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि तो धरून तशाच उभ्या राहिल्या.

"त्या खांबावर अपूर्वच्या खुणा होत्या, भाऊजी. उभं राहायला लागला तेव्हापासून दर वाढदिवसाला हे त्याला खांबाला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्याशी पटाशीनं खाच पाडायचे. शेवटची खाच तो बोटीवर जायच्या आदल्या दिवशीची. एवढा दाढीमिशीचा मुलगा, लाजत होता, तरी उभा राहिला." त्यांचा आवाज फुटला. "चोराला दुसरी लाकडं दिसली नाहीत का हो? नेमकं माझं पोर उचलून नेलंन."

३

गंगाराम सुताराच्या मांडवात मी पोचलो तेव्हा तो एका पलंगाच्या पायाला लाथ मारून बघत होता, पक्का बसलाय का म्हणून. यज्ञेशचा बेत त्याच्या कानावर गेलेला होता.

"या साहेब. तुमीच बेड्या आणल्यात काय?"

"हात दाखव."

"ह्ये घ्या." त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. नखांत काळं तेल मुरलेलं, जुने घट्टे, बाकी काही नाही. "तुमी हातच बघाल ह्ये मला ठावं व्हतं. वैनी गुहागरला गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्या लाकडांना तेल मारलं. पाऊस यायच्या आधी मारावंच लागतं, नायतर वाळवी खायील. आता झावळ्यांची झापं तेवढी बांधायची रायली हायत."

तेल म्हणजे काजूच्या टरफलांचं. आमच्याकडे लाकडाला तेच मारतात. वाळवी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही, पण ओलं असताना माणसाच्या कातडीला लागलं तर ती बिबा लागल्यासारखी उतते, फोड येतात, सालटं जातात.

"मी सुदिक हाताला खोबरेल चोपडतो नि फडकी गुंडाळतो, तवा कुठं कुंचा धरतो," गंगाराम म्हणाला. "तो खांब ओला व्हता, साहेब. ज्येनं कुणी मिठी मारून नेलान, त्येचे हात बघा. महिनाभर लपवता यायचे नायत."

"तू लाकूड कापताना रेघ कशानं मारतोस?"

"दोरीनं. काव लावलेली दोरी ताणायची नि सोडायची. का?"

"खडूनं नाही?"

"खडू आमच्याकडं खयचा? पोरांच्या शाळंत असतो."

तो हे सहज बोलला आणि पुन्हा पलंगाकडे वळला. मीही ते सहज ऐकलं. निघताना मी त्याला शेवटचं विचारलं, "खांब कापला तर घर पडेल असं तुला वाटलं नाही?"

गंगाराम हसला. "माझी परीक्षा घेताय? त्या लाकडांवर काय पन नाय. नुसती ठोकलेली फळी. गेल्या साली एक खिळा सुटला तवा मी मास्तरांना दाखवलं पन. मागं अख्खी वीट हाय. साहेबानं घराला दागिने घातलान."

खरं तेच होतं. विलायतेतल्या अस्सल जुन्या घरांत ती काळी लाकडं म्हणजे घराचा सांगाडा असतो, भार त्यांच्यावरच असतो. क्रॉलीनं भार सगळा विटांवर ठेवला आणि वरून सागाच्या जाड फळ्या ठोकून नुसतं रूप आणलं. बघणाऱ्याला वाटावं की एक काढलं तर घर कोसळेल. हे ठाऊक असलेली माणसं गावात फार नव्हती. मी, गंगाराम, आणि आता त्याच्याच तोंडून कळलं की आणखी एक.

ते नाव मला नको होतं. म्हणून मी आधी बाकीची नावं संपवायला निघालो.

४

सावर्ड्याचा दादू जुनी लाकडं घेतो. पडकी घरं, मोडकी देवळं, बुडालेल्या होड्या, काही सोडत नाही. बंगल्याच्या लाकडांवर त्याचा डोळा होता हे सगळ्यांना माहीत होतं. मी एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला.

"माझ्याकडे कोणी सागाचा तुकडा आणला नाही," तो म्हणाला. "आणि खोटं कशाला बोलू, मला हवा असता तर मी अख्खा नेला असता. वळचणीपर्यंतचा लांब साग आहे तो, त्याचं मोल लांबीत. मध्येच कापून कोण वाटोळं करील? ज्यानं केलंन त्याला लाकूड नको होतं."

"मग काय हवं होतं?"

"ते तुम्ही शोधा. माझा धंदा लाकडाचा."

माणूस लबाड, पण बोलला ते पटण्यासारखं होतं.

यज्ञेशला मी त्याच्या लॉजवर गाठलं. तो पलंगावर नकाशा पसरून बसला होता. त्याच्या हातांवर साधा ओरखडा नव्हता, आणि खरं तर हात बघायचीही गरज नव्हती. घर खिळखिळं आहे असं दाखवायला त्यानं खांब कापला असावा, असं मी धरून चाललो होतो. पण ज्याला खरंच वाटतं की खांब गेला तर घर पडेल, तो खांबाखाली बसून, शांतपणे, रेघ मारून, करवत चालवणार नाही. यज्ञेश तर बिचारा घाबरून लॉजवर पळाला होता. लॉजवर झोपणारा चोर नव्हता. मग त्याच खांबाच्या वरच्या खोलीत बिनघोर झोपणारा?

मी चालत पुन्हा सड्यावर आलो. ऊन उतरलं होतं. बंगल्यासमोरच्या फणसाखाली उभा राहून मी त्या उघड्या पडलेल्या लाल पट्टीकडे पाहत राहिलो. कुठून कुठपर्यंत कापलंय? जोत्यापासून बरोबर पुरुषभर उंचीपर्यंत, म्हणजे त्या शेवटच्या खाचेपर्यंत. एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही. चोरानं खांब नेला नव्हता. चोरानं एका माणसाची उंची नेली होती.

वर धुराड्याभोवती पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. त्या धुराड्यात त्यांची घरटी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. संध्याकाळ झाली की एकेक करून आत शिरतात. आज त्या तोंडाशी येत, थबकत, आणि पुन्हा बाहेर वळत.

तेव्हा मला जिन्याखाली गेलेली आंब्यांची अढी आठवली. साहेबाची चूल रिकामी कुणाला हवी होती? आणि कशासाठी?

मला घरी जावंसं वाटलं, आणि तसा गेलो असतो तर बरं झालं असतं असं मला अजूनही कधीकधी वाटतं.

५

आनंदीबाई मागच्या अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. मी पुढच्या दारानं सरळ दिवाणखान्यात गेलो. श्यामरावांची खुर्ची रिकामी होती.

साहेबाची चूल मी नीट पहिल्यांदाच पाहिली. वर चिऱ्याची नव्हे, विटांचीच रुंद कमान, आत दोन्ही बाजूंना बसायला कट्टे, आणि मधली जागा एका आडव्या माणसाएवढी. फरशी स्वच्छ होती. फारच स्वच्छ, पाण्यानं धुतल्यासारखी. मी वाकून आत गेलो, हात वर धुराड्याच्या घशात घातला आणि विटांवरून फिरवला. बोटं काळी झाली. काजळी ताजी होती, आणि तिला काजू भाजताना येतो तो वास होता.

बांधल्यापासून हे धुराडं कधी पेटलं नव्हतं.

"हात काळा झाला ना, सोहनी?"

श्यामराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते. शाल नव्हती. दोन्ही हात कोपरापर्यंत उतलेले, फोड फुटून सालटं गेलेली. त्यांनी काळा चष्मा काढला. डोळे सुजून बारीक झाले होते.

"बसा," मी म्हणालो.

ते आतल्या कट्ट्यावर बसले, मी समोरच्या. साहेबानं आपल्या बायकोसाठी आणि स्वतःसाठी बांधलेले ते दोन कट्टे.

"बारा वर्षं काही कळलं नाही तर करतात," ते म्हणाले. "मी भटजींना विचारलं. म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, माणसाच्या मापाचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. मी म्हटलं, माप कसलं? तर म्हणाले, शास्त्रात दिलेलं आहे. सोहनी, माझ्या मुलाचं माप मी शास्त्रात कशाला शोधू? ते माझ्या दाराशी उभं होतं."

मी बोटांवरची काजळी रुमालाला पुसली.

"आनंदी गुहागरला गेली त्या दुपारी केलं. शेवटच्या खाचेवरून रेघ मारली. रेघ सरळ आली. जन्मभराची सवय. पहारीनं सैल केला आणि आत आणला. तेल ओलं आहे हे गंगाराम सांगून गेला होता. पण मुलाला उचलताना फडकी गुंडाळायची का?"

"स्मशानात न्यायचा होता, मास्तर. मी आलो असतो. गंगाराम आला असता."

"गावभर झालं असतं. आनंदीला कुणाच्या तरी तोंडून कळलं असतं." ते चुलीच्या फरशीकडे बघत होते. "आणि तो लहान असताना हट्ट करायचा. बाबा, साहेबाची चूल पेटवू या. मी म्हणायचो, थंडी पडू दे. दर वर्षी विचारायचा, दर वर्षी मी तेच सांगायचो. रत्नागिरीला कुठली थंडी? मोठा झाला आणि विचारायचा थांबला. तिकडच्या त्या समुद्रात थंडी असेल, नाही? बारा वर्षं मला रात्री तेवढंच वाटतं. त्याला थंडी वाजत असेल."

श्यामराव रडत नव्हते. मी रडत होतो.

"मंत्र मला येत नाहीत," ते म्हणाले. "नुसता इथं बसून राहिलो. त्या तेलाच्या धुरानं डोळे सुजले, पण उठलो नाही. मागच्या अंगणात झावळ्या जाळल्याचा धूर समजून कुणी चौकशीलाही आलं नाही." त्यांनी कट्ट्याच्या मागच्या कोनाड्याकडे हात केला. तिथं पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेला एक छोटा मातीचा गडू होता. "दहाव्याला भाट्याच्या खाडीत सोडीन. तोपर्यंत आनंदीला काही सांगू नका. तिचा मुलगा जिवंत आहे, माझा गेलाय. एका घरात दोन्ही राहतं. आम्ही राहतोच आहोत."

"आणि गंगाराम? उद्या यज्ञेश पोलिसांत जाणार आहे."

ते चमकले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. "मग यज्ञेशला सांगा. सांगा की काकानं केलं, म्हातारा झालाय, भ्रम झालाय. पण आनंदीला नको."

मी शब्द दिला. निवृत्त ओव्हरसियरच्या शब्दाला काय लागतं?

६

बाहेर आलो तर आनंदीबाई पायरीवर, त्या लाल पट्टीशेजारी बसल्या होत्या. मांडीवर घडी न केलेले कपडे होते.

"वहिनी, गंगारामानं केलेलं नाही," मी म्हणालो. "यज्ञेशला मी समजावतो. चोर काही आता सापडायचा नाही. तुम्ही विसरून जा."

"तुम्हांला खोटं बोलता येत नाही, भाऊजी. मान खाली जाते तुमची."

मी मान वर केली, पण उशीर झाला होता.

"मी गुहागरहून आल्ये त्याच दिवशी मला कळलं," त्या म्हणाल्या. "पान वाढलं तर हे चमच्यानं भात खायला लागले. जन्मात कधी चमचा धरला नाही. अढी जिन्याखाली. सगळ्या घराला काजू भाजल्याचा वास. कोकणातली बाई मी, मला कळणार नाही का?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. "मग मला कशाला बोलावलंत?"

त्यांनी हातातल्या पंच्याची किनार चाचपली.

"ते मला सांगायचे नाहीत. मीच त्यांचं तोंड बंद करून ठेवलंय इतकी वर्षं. अपूर्व गेला असं कुणी म्हटलं की मी उठून जात्ये. एकदा ह्यांनी म्हटलं तर दोन दिवस जेवल्ये नाही. आता कुठल्या तोंडानं विचारू? म्हटलं, तुम्ही शोधायला लागलात तर तुमच्याशी तरी बोलतील. मनात ठेवून ठेवून मरतील हो ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलले ना?"

"बोलले."

"मग मला एवढंच सांगा. पेटवलं तेव्हा कोणी होतं का बरोबर? भटजी, गंगाराम, कोणी तरी?"

इथं मला खोटं बोलायला हवं होतं. पण मान खाली गेली असती.

"कोणी नव्हतं, वहिनी. एकटेच होते."

त्यांनी पंचा तोंडाशी धरला. आवाज आला नाही, फक्त खांदे हलत राहिले. मग पंच्यातून दाबलेला आवाज आला. "मुलगा माझाही होता. मला हाक मारायची होती. मी आल्ये असत्ये. ओरडल्ये असत्ये, भांडल्ये असत्ये, पण आल्ये असत्ये."

पायरीखालून मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि त्या उघड्या विटांवरून हात फिरवला.

"यानं घर पडायचं नाही ना?"

"नाही. तो नुसता शोभेचा होता. भार सगळा विटांवर आहे."

"शोभेचा," त्या म्हणाल्या. "आणि आम्ही दोघं इतकी वर्षं त्याच्यावरच उभे होतो."

त्या उठल्या, कपडे तिथंच ठेवून आत गेल्या. फडताळ उघडल्याचा आवाज आला. मी निरोप घ्यायला दारात गेलो आणि तिथंच थांबलो. खोबरेलाची वाटी घेऊन त्या साहेबाच्या चुलीत, मघाशी मी बसलो होतो त्या कट्ट्यावर बसल्या होत्या. समोर श्यामराव.

"हात पुढे करा."

"आनंदी, मी..."

"हात."

त्यांनी हात पुढे केले. आनंदीबाई एकेका बोटाला तेल लावू लागल्या, अगदी हलक्या हातानं, फोड टाळून. कोनाड्यातल्या गडूकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"दहावा परवा येतो," त्या म्हणाल्या. "मी मोजलंय. परवा मला टाकून जाऊ नका."

श्यामरावांचं डोकं खाली गेलं आणि मग तो माणूस रडला, लहान मुलासारखा, मोठ्यानं, लाज न बाळगता. आनंदीबाईंनी वाटी बाजूला ठेवली.

मी चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन दार नुसतं ओढून घेतलं, या घरात इतकी वर्षं सगळे घेत आले तसं. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागे पावलं वाजली. मला वाटलं, त्यांना काही सांगायचं राहिलं असेल, म्हणून थांबलो.

दार उघडलं नाही. आतून कुणीतरी कडीशी खटपट करत होतं. बारा वर्षांत गंजली होती, लवकर सरकेना. मग ती लागली.